दहावा छर्रा

बाय, तुझ्या सायकलचं पुढचं चाक मी काल उघडलं. तुला विचारलं नाही. पण तूही कुणाला न विचारता गेलीस, तेव्हा फिट्टंफाट झाली असं समज.

तेरावं परवा झालं. तोवर सायकल तुझ्या पडवीत भिंतीला टेकून उभी होती, मागे मासळीचा निळा क्रेट दोरीने बांधलेला तसाच. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी तिच्याकडे बघायचा, मग माझ्याकडे. रस्त्यावर ज्या रिक्षावाल्याला तू सापडलीस त्यानेच ती आणून ठेवली होती. ठेवता ठेवता तो सहज बोलून गेला की पुढचं चाक फिरतच नाही, तेच जाम होऊन धरलं असणार. त्याच्या मनात काही नव्हतं. त्या चाकावरून बहीण-भावात काय झालं होतं ते त्याला कुठून माहीत असणार?

अलिबागला डॉक्टर म्हणाले, डोक्यात रक्तस्राव झाला. तो आधी झाला म्हणून तू पडलीस, की पडलीस म्हणून तो झाला, हे आता सांगता येणार नाही. तुझ्या दर्शनाने ते ऐकलं आणि मान डोलावली. पोरगी तुझ्यावर गेली आहे, जे बदलता येत नाही त्याच्याशी भांडत बसत नाही. माझं तसं नाही. मी जन्मभर उरणच्या कंपनीत फिटर होतो. मशीन बंद पडलं की कारण सापडेपर्यंत हात धुवायचे नाहीत, अशी सवय लागलेली. आणि इथे तर कारण मीच असण्याची शक्यता होती. तेरा दिवस मी लोकांना चहा दिला, भटजींना काय हवं नको ते बघितलं, आणि त्या सायकलला हात लावला नाही. भीती वाटत होती. इतकं सरळ लिहायला मला या वयात हरकत नसावी.

ती सायकल भावजींची. ते गेले तेव्हा दर्शना चार वर्षांची होती आणि तुला सायकल येत नव्हती. डोक्यावर पाटी घेऊन तू आतल्या गावांत जायचीस आणि परत यायला दुपार व्हायची. एका रविवारी मी म्हटलं, चल, शिकवतो. ओहोटी लागली होती. पाणी नुकतंच हटलेली वाळू सिमेंटसारखी घट्ट असते आणि पडलं तरी लागत नाही, म्हणून तुला खाली किनाऱ्यावर नेलं. तू लुगड्याचा काचा आवळलास आणि बसलीस. जाळी विणत बसलेले सगळे हातातलं काम टाकून बघत होते. तू तीनदा पडलीस. चौथ्यांदा जी निघालीस ती खडकापर्यंत, आणि वळता येत नव्हतं म्हणून तिथेच उतरून सायकल हातात धरून परत आलीस. मी हसलो तर म्हणालीस, जायला शिकले, यायचं उद्या शिकेन.

म्हणजे ओल्या वाळूवर सायकल घालायची खोड तुला मीच लावली. पुढे सगळी वर्षं मी त्यावरूनच तुला बोललो. ओहोटी असली की तू रस्ता सोडून किनाऱ्याने जायचीस. दोन गावं जवळ पडतात, चढ नाही, कुत्री नाहीत. पण खारं पाणी चाकाच्या मधोमधच्या हबमध्ये शिरतं, बरोबर बारीक वाळू नेतं, आणि ग्रीसची काळी लापशी होते. दरवर्षी पावसाळ्यात मासेमारी बंद होऊन होड्या वर ओढल्या की मी तुझ्याकडे यायचो. लोक होड्यांना तेलपाणी करायचे आणि आपण तुझ्या पडवीत गोणपाट पसरून सायकल ओव्हरऑइल करायचो. पहिल्या वर्षी मला यायला उशीर झाला, तर तू स्वतःच हबमध्ये मुशी माशाचं तेल ओतून मोकळी झालीस. होडीच्या लाकडाला चालतं ते लोखंडाला का चालणार नाही, हा तुझा सवाल. आठ दिवस गावातली मांजरं तुझ्या सायकलमागून फिरत होती. आतल्या गावांतल्या बायका म्हणे मांजरं दिसली की ओळखायच्या, मासेवाली आली. ते तेल आत चिकट होऊन बसलं होतं, ते काढायला मला अर्धा दिवस लागला. तू वर मलाच सांगत होतीस की धंदा वाढला.

आता छर्र्यांचं. तुला हे नव्याने सांगायला नको, पण पहिल्यापासून मांडल्याशिवाय मला पुढचं सुचत नाही. पुढच्या चाकाच्या हबमध्ये दोन्ही बाजूंना एकेक वाटी असते. तिच्यात ग्रीस भरून गोल छर्रे बसवायचे आणि वरून एक्सलवरचा कोन, म्हणजे निमुळता नट, आवळायचा. चाकाचा सगळा भार त्या छर्र्यांवर. एका वाटीत दहा. मी रॉकेलच्या डब्यात जुने छर्रे धुवायचो, झिजलेले असले तर नवे आणायचो, आणि तू समोर बसून एकेक माझ्या हातावर ठेवायचीस. नऊ झाले की तुझी मूठ बंद. दहावा तू बाजूच्या पत्र्याच्या डबीत टाकायचीस. दुसऱ्या बाजूलाही तसंच.

पहिल्या वेळी मला वाटलं, मोजायला चुकलीस. मग कळलं, तो होडीचा वाटा होता.

आपल्या आबाची होडी किनाऱ्याला लागली की मासळीचे ढीग पडायचे. जितके गडी तितके ढीग, जाळ्याचा वेगळा, आणि सगळ्यांच्या आधी एक ढीग होडीचा. तो ढीग घालायचं काम तुझं होतं, कारण घरातली मोठी तू. मी लहान होतो. मी विचारलं होतं की होडी मासे खाते का, आणि आबा म्हणाला होता, जो राबतो त्याचा वाटा, ती आपल्यापेक्षा जास्त राबते. आबाही गेला, होडीही गेली. मी आयटीआय करून कंपनीत लागलो आणि वाटे विसरलो. तू विसरली नाहीस. भावजींची सायकल हातात आली तशी तू तिला होडीच्या जागी बसवलंस. छर्रे म्हणजे ढीग, आणि त्यातला एक तिचा.

मी तुला किती प्रकारांनी समजावलं. म्हटलं, बाय, वाटीत दाबून बसवले तर अकरा मावतात. बनवणाऱ्याने एकाची जागा आधीच मोकळी ठेवली आहे, म्हणजे सायकलचा वाटा कारखान्यातच निघाला. तू आणखी एक काढलास तर दहा जणांचा भार नऊ जणांवर पडतो, आणि कोन लवकर खाल्ला जातो. तू सगळं ऐकून घ्यायचीस आणि म्हणायचीस, "तुजे कंपनीचे पुस्तकान होरी हाय कं?"

नव्हती. कंपनीच्या पुस्तकात होडी नव्हती. मग मी नऊवर कोन आवळायचो, कारण मोठ्या बहिणीशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही, आणि आत चुलीवर बोंबलाचं कालवण तयार असायचं. खरं सांगू, वर्षभर कंपनीत सगळं मापात करून आल्यावर तो एक बिनमापाचा दिवस मला आवडायचा. हे मी तुला कधी म्हटलं नाही. वाद घालायला आलोय असंच दाखवत राहिलो.

गेल्या पावसाळ्यात मात्र मी अडलो. हब उघडला तर दोन्ही कोन खाल्लेले, नख फिरवलं तर अडकावं इतके खड्डे. मी ते तुला दाखवले. म्हटलं, हे बघ नऊचं फळ. तू म्हणालीस, हे नऊचं नाही, खाऱ्या पाण्याचं. मी म्हटलं, खारं पाणी पहिल्यापासून आहे, खड्डे यंदाच का? तू म्हणालीस, पूर्वी मी रोज जात नव्हते वाळूवरून, आता गुडघा दुखतो, चढ नको वाटतो. हे मला तेव्हा ऐकू आलं नाही. म्हणजे कानांनी ऐकलं. मी नवे कोन आणले होते, वीस नवे छर्रे आणले होते. तू अठरा दिलेस आणि दोन डबीत टाकलेस. मी म्हटलं, दहावा हातावर ठेवल्याशिवाय मी पाना लावणार नाही. तू म्हणालीस, मग नको लावूस.

आणि मी उठलो. हात फडक्याला पुसले, चाक तसंच गोणपाटावर उघडं टाकलं आणि निघालो. बाय, जन्मात मी एकही मशीन उघडं टाकून घरी गेलो नव्हतो. फक्त तुझं चाक टाकून गेलो. तू हाक मारली नाहीस. मी वाटेत दोनदा थांबलो होतो, हेही तुला ठाऊक नाही.

मग ते कुणी जोडलं, कसं जोडलं, मी विचारलं नाही. भाऊबीजेला आलो. तू ओवाळलंस, करंज्या वाढल्यास, माझ्या बीपीची चौकशी केलीस, दर्शनाच्या नोकरीचं बोललो. सगळं बोललो, एक चाक सोडून. निघताना सायकल दारातच उभी होती. तू तिच्या सीटवर हात ठेवून म्हणालीस, "सायकल बगतंस कं?"

मी म्हटलं, "ज्याने जोडली त्याने बघावी."

तू हसलीस आणि आत गेलीस. तुझं ते हसणं मी तेव्हा माझ्या मनासारखं वाचलं, म्हणजे चुकीचं. त्यानंतर फोन झाले, पण तुला समोरासमोर बघितलं ते अलिबागच्या खाटेवर, आणि तेव्हा तू बघत नव्हतीस.

माझी भीती काय होती ते आता सांगतो. पुढच्या चाकाला एक कोन पक्का असतो आणि दुसरा आवळायचा. आवळायचा कोन डावीकडे राहिला पाहिजे. चाक उलटं बसून तो उजवीकडे गेला, तर चालता चालता तो आपोआप आवळत जातो, आणि एक दिवस चाक जागेवर धरतं. सायकल थांबते, माणूस पुढे जातो. हे मी तुला दर पावसाळ्यात सांगायचो, आणि तू हो हो म्हणत चहात साखर ढवळायचीस. जिचे हात दुखतात, जिला चष्मा लागतो, जिने कधी पाना धरला नाही, तिच्यापुढे मी चाक उघडं टाकून गेलो होतो. तू पुलाच्या उतारावर पडली होतीस. तेरा दिवस माझ्या डोक्यात एवढंच फिरत होतं.

काल सकाळी पाहुणे गेले आणि मी गोणपाट मागितलं. दर्शनाने ते पसरलं. सायकल आडवी घेतली. पुढचं मडगार्ड पडताना वाकून टायरमध्ये रुतलं होतं, म्हणून चाक फिरत नव्हतं हे उघडच होतं. पण त्याच्याआड हबही धरलेला असू शकत होता. मडगार्डची सळी सोडवली, पत्रा हाताने वर काढला, हँडल धरून पुढचं चाक जमिनीपासून उचललं. मग दुसरा हात पुढे नेला आणि परत मागे घेतला. दर्शनाने विचारलं, मामा, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, आणि चाकाला बोट लावलं.

ते फिरलं. आवाज नाही, डगमग नाही. फिरत राहिलं, हळू झालं, आणि शेवटी हवा भरायचा व्हॉल्व्ह स्वतःच्या वजनाने खाली आला, थोडा पलीकडे गेला, परत आला आणि खाली थांबला. बरोबर आवळलेल्या चाकाची ती खूण. ती मीच तुला दाखवली होती, आणि तू म्हणाली होतीस, हे तर वल्हं टाकल्यावर होडी डुलते तसं. मी खाली वाकून बघितलं. आवळायचा कोन डावीकडे होता. नट घट्ट. तू हो हो म्हणत चहा ढवळत होतीस तेव्हा ऐकतही होतीस.

मी तिथेच गोणपाटावर बसलो आणि रडलो. तेरा दिवसांत पहिल्यांदा. चाक निर्दोष होतं म्हणून रडलो, तू गेलीस म्हणून नाही, असं मला त्या वेळी वाटलं. दोन्ही वेगळं काढता येत नाही हे नंतर लक्षात आलं. चाक धरलं नव्हतं. तुझ्या डोक्यातलं जे काही होतं ते आधी झालं आणि मग सायकल पडली. डॉक्टरांना जे सांगता आलं नाही ते तुझ्या चाकाने सांगितलं. माझ्यापुरतं तेवढं पुरे आहे.

इथे थांबलो असतो तर चाललं असतं. चाक चांगलं असेल तर उघडायचं नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. पण मला बघायचं होतं, बाय. तू कितीवर आवळलं होतंस? मी पाठ फिरवल्यावर नऊच घातले असणार, वर दोन डबीत टाकून माझ्या नावाने हसली असशील, अशी माझी खात्री होती. रागही येत नव्हता. फक्त मोजायचं होतं.

डावी बाजू उघडली. ग्रीस स्वच्छ, पिवळं, हातचं राखून न भरलेलं. त्यातून एकेक छर्रा फडक्यावर काढला. नऊ झाले. वाटीत बोट फिरवलं तर आणखी एक लागला. दहा. पुन्हा मोजले. दहाच.

मला काय वाटलं ते लिहिण्यासारखं नाही. जिंकल्याचा आनंद तर मुळीच नव्हता. तू हार मानलीस आणि मला कळवलंसुद्धा नाहीस, भाऊबीजेला सीटवर हात ठेवून उभी राहिलीस आणि मी वाकून बघितलंही नाही, एवढंच मनात आलं. मग उजवी बाजू उघडली.

नऊ.

वाटीत बोट फिरवलं, दोनदा फिरवलं. नऊच. आता हबकडे नीट बघितलं तर उजव्या बाजूला होडीच्या निळ्या रंगाचा एक ठिपका होता. धुळीखाली होता म्हणून आधी दिसला नव्हता. मी दर्शनाला विचारलं की हा काय प्रकार. ती आत जाऊन तुझी पत्र्याची डबी घेऊन आली आणि माझ्यासमोर उकिडवी बसली.

"आये बोलायची, पावसान होऱ्या वर आल्या कं मामाला बोलवीन, आन चाक त्याचेसमोरच खोलीन. एक बाजू त्याची, एक माजी. मंग बगू कोनाचा कोन खाल्ला."

म्हणजे तू हार मानली नव्हतीस. तू परीक्षा लावली होतीस. एकच चाक, तेच खारं पाणी, तीच वाळू, तोच गुडघा, आणि दोन बाजूंना दोन मतं. कंपनीत आम्ही दोन तेलांची तुलना अशीच करायचो, आणि ते शिकायला मला आयटीआयमध्ये जावं लागलं होतं. तू ते गोणपाटावर बसून एकटीने शोधून काढलंस. दर्शना म्हणते, तुला चाक जोडायला दोन दिवस लागले. कोन तीनदा आवळलास, तीनदा सोडलास, आणि व्हॉल्व्ह खाली येत नाही तोवर जेवली नाहीस.

डबी उघडली. तळाशी एवढ्या वर्षांचे छर्रे होते, गंजून एकमेकांना चिकटलेले. वर एक नवा, चकचकीत. उजव्या बाजूचा दहावा. डाव्या बाजूचा तू डबीतून परत काढून माझ्यासाठी आत घातला होतास. जुने मी मोजले नाहीत. माझ्या स्वभावाला ते जड गेलं, पण नाही मोजले.

मग मी दोन्ही कोन पुसले आणि उजेडात धरले. सात-आठ महिन्यांत काय दिसणार? दोन्ही सारखे, दोन्ही गुळगुळीत. निकाल लागायला आणखी चालायला हवं. दर्शनाने विचारलं, आता दोन्हीकडे दहा करणार ना? तिला वाटलं असणार, मामा आहे, त्याला हवं तसंच करेल. मी म्हटलं, नाही, तुझ्या आईने लावलंय तसंच राहील. डावीकडे दहा घातले, उजवीकडे नऊ, नवा छर्रा पुन्हा डबीत टाकला आणि डबी तिच्या हातात दिली. निळा ठिपका फडक्याने पुसून वर आणला. कोन डावीकडेच ठेवला. चाक फिरवलं आणि व्हॉल्व्ह खाली येईपर्यंत पाना सोडला नाही.

संध्याकाळी ओहोटी होती. मी सायकल घेऊन चार गावं पलीकडच्या माझ्या घरी निघालो, रस्त्याने नाही, किनाऱ्याने. खारं पाणी दोन्ही बाजूंना सारखं लागायला हवं, नाहीतर परीक्षेला अर्थ नाही. रोज जाईन. बायको म्हणते, या वयात वाळूवर सायकल कशाला. तिला मी सांगितलं आहे की कामाचं आहे.

पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की तुझ्या पडवीत गोणपाट पसरेन आणि दर्शनासमोर दोन्ही बाजू उघडेन. नऊची बाजू चांगली निघाली तर सगळ्या कोळीवाड्याला ऐकू जाईल असं सांगेन की बाय बरोबर होती, कंपनीवाला चुकला. दहाची निघाली, तर मात्र कुणाला सांगू ते मला अजून सुचलेलं नाही.